घरची जर्सी की बाहेरची? रंग ठरवायची रीत

नियम आधी सांगून टाकतो, कारण तो छोटा आहे. आपल्या फुटबॉल संघाचा जो रंग ठरलाय तो जिथं घालता येईल तिथं घालायचाच. दुसरं किट बॅगेतून काढायचं ते एकाच कारणासाठी: समोरच्या संघाशी रंग जुळतोय आणि मैदानावर फरक दिसणार नाही. नवीन शिवून आलंय म्हणून नाही, फोटो चांगले येतात म्हणून नाही, आणि मागचा सामना त्या रंगात हरलो म्हणून तर अजिबात नाही.

एवढं मान्य असेल तर प्रश्न दोनच उरतात. फरक दिसत नाही हे कसं ओळखायचं, आणि दिसत नसेल तर बदलायचं कोणी. या दोन प्रश्नांवरून मी आपल्याकडच्या मैदानांवर जेवढे वाद पाहिलेत तेवढे ऑफसाइडवरून पाहिले नाहीत.

मी परभणीत शाळेत खेळ शिकवतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचा संघ सांभाळतो. किटची बॅग माझ्या घरी असते. धुणं, मोजणं, नंबर चिकटवणं माझ्याकडे. तालुक्यापासून विभागापर्यंतच्या शालेय स्पर्धा, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा (स्वारातीम) विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, गावोगावचे चषक, सगळीकडे त्या बॅगेसोबत फिरलोय. कोल्हापुरात पेठापेठांचे आणि तालमींचे संघ आहेत, तसा फुटबॉल मराठवाड्यात घराघरांत नाही. पण संध्याकाळी संभाजीनगरच्या आमखास मैदानावर जो उभा राहिलाय त्याला माहीत आहे, की जिथं आहे तिथं तो जीव ओतून खेळला जातो. अशा खेळाला रंगाची शिस्त हवी. लांबून बघणाऱ्याला संघ आधी रंगावरून कळतो, खेळावरून नंतर.

आधी स्वतःचा रंग पक्का करा

दुसरं किट कधी घालायचं हा प्रश्न पहिलं किट पक्कं असेल तरच येतो. आपल्याकडे बहुतेक संघांचं इथंच अडतं. यंदा सराफा दुकानाने जर्सी दिल्या, त्यांना पिवळा आवडला, म्हणून आपण पिवळे. पुढच्या वर्षी कोचिंग क्लासवाल्यांनी दिल्या, मग निळे. पाच वर्षांनी जुन्या पोरांना विचारलं की आपला रंग कोणता, तर प्रत्येकजण वेगळा सांगतो.

प्रायोजकाशी बोलताना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: नाव तुमचं, रंग आमचा. छातीवर दुकानाचं नाव मोठं टाकू, पाठीवर टाकू, उद्घाटनाला तुम्हाला बोलावू, पण जर्सी आमच्या मरून रंगाचीच राहील. आजवर या अटीवर एकाही दुकानदाराने आम्हाला नाही म्हटलेलं नाही. त्यांना नाव दिसण्याशी मतलब असतो, आणि दरवर्षी त्याच रंगावर नाव दिसलं तर ते लोकांच्या जास्त लक्षात राहतं.

रंगाला अर्थ घालून घालून येतो. ब्राझील आज पिवळ्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही, पण १९५० च्या विश्वचषकात ते पांढऱ्यात खेळले. त्या वर्षी माराकाना मैदानावर उरुग्वेकडून हरल्यावर नव्या पोशाखासाठी वर्तमानपत्रातून स्पर्धा घेतली गेली. आल्दिर श्ली नावाच्या तरुणाचं पिवळी जर्सी, हिरवी किनार, निळी चड्डी हे चित्र निवडलं गेलं आणि १९५४ च्या विश्वचषकात ब्राझील त्या रंगात उतरलं. इटलीच्या झेंड्यात निळा नाही, तरी संघ निळ्यात खेळतो, कारण तो जुन्या सव्हॉय राजघराण्याचा रंग. इटलीतलाच क्लब युव्हेंटस, ते आधी गुलाबी घालत. १९०३ मध्ये इंग्लंडच्या नॉट्स काउंटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी आल्या आणि त्याच कायम झाल्या. उलट बाजूचं उदाहरण वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबचं. मालकाने २०१२ मध्ये निळा काढून लाल लादला. प्रेक्षक हटले नाहीत आणि २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला. रंग संघाचा आणि तो बघणाऱ्यांचा असतो, पैसे भरणाऱ्याचा नाही. आपल्या गल्लीतल्या संघालाही हे तितकंच लागू आहे.

रंग निवडताना आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते आणि ती उघडच बोललेली बरी. भगवा, हिरवा, निळा हे आपल्याकडे नुसते रंग राहत नाहीत. एका रंगाची जर्सी घातली की लोक संघाची जात-धर्म विचारायला लागतात, आणि संघात तर सगळ्या आळ्यांची पोरं असतात. आम्ही यावर उपाय म्हणून दोन रंगांची जोडी घेतली: अंग मरून, बाह्या आकाशी. जोडी घेतली की ती कुणा एकाची होत नाही, संघाचीच होते. कोलकात्यात मोहन बागान म्हटलं की हिरवा-मरून आणि ईस्ट बंगाल म्हटलं की लाल-सोनेरी, त्यातला सुटा रंग कुणी मोजत नाही. पोरांनी कुठल्याही घरातून ती जर्सी घालून अभिमानाने बाहेर पडावं, एवढीच कसोटी.

मग मैदानाचा विचार. आपली मैदानं दोन प्रकारची. मुरूम टाकलेली, जिथं हिवाळ्या-उन्हाळ्यात तांबूस धूळ उडते, आणि काळ्या मातीची, जिथं पावसाळ्यात शालेय स्पर्धा चालू असताना चिखल गुडघ्यापर्यंत येतो. बदामी, खाकी, फिका केशरी हे रंग मुरमाच्या धुळीत हरवतात. पावसाळ्यात मैदानावर गवत माजलं की गडद हिरवी जर्सी वाकून पळणाऱ्या पोराला गिळून टाकते. राखाडी तर कुठेच घेऊ नका. १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड राखाडी किटमध्ये उतरलं, मध्यंतरापर्यंत ३-० ने मागे पडलं आणि दुसऱ्या अर्ध्यात निळ्या-पांढऱ्यात परत आलं. सामना ३-१ ने गेलाच. त्यांचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांचं म्हणणं होतं की खेळाडूंना मान वर केल्यावर आपला माणूस दिसतच नव्हता. हरल्यावरचं कारण म्हणून लोकांनी ते हसण्यावारी नेलं, पण मला ते पूर्ण पटतं. पास देणारा पोरगा समोरच्याचं तोंड बघत नाही. डोळ्याच्या कडेने रंगाचा ठिपका दिसतो आणि पाय चालतो. तो ठिपका मागच्या गर्दीत, भिंतीत, धुळीत मिसळला की पास चुकतो.

दुसरं किट कसं असावं

पहिलं गडद असेल तर दुसरं फिकं, पहिलं फिकं असेल तर दुसरं गडद. फिफाही आपल्या स्पर्धांमध्ये प्रत्येक संघाकडून एक गडद आणि एक फिकं किट मागते. आपल्याकडे सर्रास होणारी गडबड म्हणजे पहिलं नेव्ही ब्लू आणि दुसरं बाटली-हिरवं. दोन्ही सुंदर, दोन्ही गडद. काळ्या किंवा मरून संघासमोर दोन्ही निकामी. दुसऱ्या किटचं काम वेगळं दिसणं आहे, देखणं असणं नंतर.

त्यात पहिल्या किटची एखादी खूण राहू द्या. आमचं दुसरं किट पांढरं आहे, पण गळा आणि चड्डी आकाशी, म्हणजे बाह्यांचा रंग तिकडे गेला. लांबून बघणाऱ्यालाही कळतं की हा तोच संघ.

कापड मात्र दोन्हींचं सारखं घ्या. पैसे वाचवायला दुसऱ्या किटला जाड, स्वस्त कापड घेतलं जातं, कारण 'कधीतरीच लागणार'. आणि ते लागतं नेमकं एप्रिलमध्ये दुपारच्या सामन्याला. १९८६ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाची हीच अडचण झाली होती. त्यांची निळी दुसरी जर्सी जाड सुती होती, मेक्सिकोच्या उन्हात ती नको म्हणून इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून वजनाला हलक्या अशा निळ्या जर्सी आणल्या, बिल्ले शिवले आणि चंदेरी नंबर इस्त्रीने चिकटवले. त्या सामन्यातले मॅराडोनाचे दोन्ही गाजलेले गोल त्या दुकानातून आणलेल्या जर्सीत झाले. परभणीचं ऊन मेक्सिकोपेक्षा दयाळू नाही.

पैसे कमी असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी दुसऱ्या जर्सी, मग दुसरे मोजे, सगळ्यात शेवटी दुसऱ्या चड्ड्या. मोजे चड्डीच्या आधी का, तर दोन पाय बॉलवर एकत्र पडतात तेव्हा पंच चड्डी बघत नाही. बॉल शेवटी कुणाच्या पायाला लागून बाहेर गेला, टाच आधी लागली की बॉल, हे तो मोज्यांच्या रंगावरून ठरवतो. दोन्ही संघांचे मोजे काळे असले की थ्रो-इनचा निर्णय अंदाजाने होतो आणि तिथून आरडाओरडा सुरू. पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात मात्र पंधरा मिनिटांत सगळ्यांचेच मोजे एका रंगाचे होतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या सामन्यांना मोज्यांवर विसंबू नका. तिथं जर्सीतला फरक एरवीपेक्षा जास्त ठळक हवा. जर्सीत थोडासाच फरक आहे पण मोजे वेगळे आहेत, असा हिशेब कोरड्या मैदानावर चालेल, चिखलात नाही.

नंबरचा रंग जर्सीच्या उलट ठेवा. मरूनवर काळा नंबर कागदावर शोभतो, पण गुणलेखकाला टेबलावरून दिसत नाही. पट्ट्यांची जर्सी असेल तर पाठीवर एकरंगी चौकोन सोडून त्यात नंबर टाकायला सांगा. यावर जास्त बोलायची गरज नाही.

फरक दिसतो का, हे तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण 'आमचा लाल, तुमचा निळा, वेगळेच की' म्हणून विषय संपवला जातो आणि तिथंच फसगत होते.

१० जून १९७८. अर्जेंटिनात मार देल प्लाटा इथं विश्वचषकाचा सामना, फ्रान्स विरुद्ध हंगेरी. फ्रान्सचा रंग निळा, हंगेरीचा लाल. डोळ्याला ते वेगळेच आहेत. पण तेव्हा जगभर लोक कृष्णधवल टीव्हीवर सामने बघत, आणि त्या पडद्यावर लाल आणि निळा दोन्ही सारखेच काळपट दिसतात. म्हणून एका संघाने पांढरं घालायचं ठरलं. निरोपाच्या गोंधळात दोन्ही संघ पांढरंच घेऊन आले. शेवटी फ्रान्सने तिथल्याच किम्बर्ले नावाच्या क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणल्या, सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला, आणि फ्रान्सने तो त्या उसन्या जर्सीत ३-१ ने जिंकला.

कृष्णधवल टीव्ही गेले, पण ती कसोटी आजही बिनचूक आहे आणि आता खिशात आहे. समोरच्या संघाकडून किटचा फोटो मागवा. आपल्या किटचा फोटो शेजारी ठेवा. फोनच्या एडिटमध्ये जाऊन रंग पूर्ण काढून टाका. उरलेल्या राखाडी चित्रात दोन जर्सी वेगळ्या दिसल्या तर निर्धास्त खेळा. एकसारख्या दिसल्या तर एकाने बदलायचं, मग रंगांची नावं काही असोत.

फोटो मागताना वापरातल्या, धुतलेल्या जर्सीचाच मागवा. शिलाईवाल्याने पाठवलेलं डिझाइनचं चित्र बघू नका. दोन हंगाम उन्हात वाळलेला लाल गुलाबीकडे गेलेला असतो, आणि नेव्ही ब्लू जांभळट.

ही कसोटी मी एवढी लावून धरतो त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या संघात एक मधल्या फळीतला पोरगा होता, पायात जादू असलेला. एका शाळेविरुद्ध आम्ही लाल सराव-जर्सीत आणि ते हिरव्यात होते. पोरगा सारखा त्यांच्याच पायात पास देत होता. मध्यंतरात ओरडायच्या आधी त्याला विचारलं, तर म्हणाला, "सर, पास कुणाला देऊ, समदे एकसारखेच दिसायलेत." पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. हा दोष बापाकडून नाही, आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावरून मुलात उतरतो, म्हणून मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. मुलांच्या शाळेतल्या कुठल्याही संघात असं एखादं लेकरू असू शकतं आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. २०१८ च्या विश्वचषकाचा पहिलाच सामना लाल रशिया आणि हिरवा सौदी अरेबिया असा झाला, तेव्हा हा दोष असलेल्या कितीतरी प्रेक्षकांनी कोण कुठला हे कळत नसल्याची तक्रार केली. लाल विरुद्ध हिरवा हा सामना म्हणूनच मी होऊ देत नाही. रंग काढलेल्या फोटोत त्यातला एक नक्की फिका दिसतोय, अशी खात्री झाली तरच.

फोटोवर भागत नसेल तर मैदानावर जाऊन बघा. एका गोलपोस्टजवळ उभं राहा, दोन पोरांना दोन जर्सी घालून पलीकडच्या गोलपोस्टजवळ पाठवा. मोठं मैदान नव्वद ते एकशेवीस मीटर लांब असतं. आपल्याकडे कमीच भरतं. डोळे किलकिले करून बघा, आणि सामन्याच्या वेळेलाच बघा. सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचला सूर्य समोरून आला की सगळे गडद रंग काळे होतात. भर दुपारी अकराला जे सहज वेगळं दिसतं ते संध्याकाळी दिसेल असं नाही.

बदलायचं कोणी

खेळाच्या नियमपुस्तकात चौथा नियम खेळाडूंच्या साहित्याचा आहे. तो एवढंच सांगतो की दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत. कोणी बदलायचं हे तो सांगत नाही, ते प्रत्येक स्पर्धेने ठरवायचं असतं. म्हणून तुम्ही स्पर्धा भरवत असाल तर नियमपत्रकात ही ओळ घाला: 'रंग जुळल्यास कार्यक्रमपत्रिकेत ज्याचं नाव दुसरं आहे तो संघ बदलेल. प्रत्येक संघाने दोन रंगांची किट आणणं बंधनकारक.' एवढ्याने निम्मे वाद मिटतात.

जिथं घरचं आणि बाहेरचं मैदान असतं तिथं पाहुण्याने बदलायचं, हा आता जगभरचा रिवाज आहे. पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये सुरुवातीला यजमानाने बदलायचं असं होतं. १९२१ मध्ये नियम फिरवून ते पाहुण्यावर टाकलं. नवा नियम सोयीचा आहे, घरच्या मैदानावर आपल्या लोकांना आपला रंग दिसलाच पाहिजे. वेस्ट हॅम आणि अ‍ॅस्टन व्हिला दोघेही मरून-आकाशी. समोरासमोर आले की ज्याचं मैदान त्याचा रंग, दुसरा निमूट बदलतो. यात कुणाला कमीपणा नाही.

पण आपल्याकडे मी जुना नियमही जिवंत ठेवतो. हिंगोली किंवा जिंतूरकडून एसटीने पोरं आली आहेत, त्यांच्याकडे एकच किट आहे, तेही शाळेने कसंबसं दिलेलं. तिथं नियमावर बोट ठेवून त्यांना बिब (जर्सीवरून चढवायचं सरावाचं बिनबाह्यांचं बनियन) घालायला लावणं मला पटत नाही. यजमानाचं कपाट दहा मिनिटांवर असतं. मैत्रीपूर्ण सामना असो की चषकाची पहिली फेरी, ज्याच्याकडे दोन किट आहेत त्याने बदलावं. ती पोरं त्यांच्या शाळेच्या रंगात खेळू देत. त्यांच्यासाठीही तो रंग तितकाच आहे.

तटस्थ मैदानावर, उदाहरणार्थ विभागीय क्रीडा संकुलात, पत्रिकेतला क्रम, आणि तो नसेल तर नाणेफेक. नाणेफेक आदल्या दिवशी करा, सामन्याआधी पाच मिनिटं नाही. १९६६ ची अंतिम लढत इंग्लंडच्या वेंब्लीवर झाली, तरी पांढरा पश्चिम जर्मनीने घातला आणि इंग्लंड लाल जर्सीत उतरलं. ४-२ ने जिंकल्यावर आज त्यांच्या लोकांना तो लालच सगळ्यात प्रिय. १९५८ मध्ये ब्राझीलला अंतिम सामन्यात यजमान स्वीडनच्या पिवळ्यापुढे आपला पिवळा सोडावा लागला. निळ्या जर्सी तिथेच स्टॉकहोममध्ये विकत घेतल्या, त्यावर बिल्ले शिवले आणि ५-२ ने जिंकले. रंग बदलावा लागला म्हणून पोरं खट्टू झाली तर मी त्यांना हे दोन सामने सांगतो.

आदल्या दिवशीचा निरोप

फोनवर तोंडी बोलून ठेवू नका. लिहून पाठवा, आणि जर्सी, चड्डी, मोजे, गोलकीपर या चारही गोष्टी लिहा. माझा निरोप असा असतो:

'नमस्कार सर. रविवारी सकाळी ८ वाजता आपला सामना आहे. आमचं किट: मरून जर्सी, आकाशी बाह्या, मरून चड्डी, मरून मोजे. गोलकीपर पिवळा, बदली हिरवा. सोबत दुसरं किट आणतोय: पांढरी जर्सी, आकाशी चड्डी, पांढरे मोजे. आमचा फोटो जोडलाय, आपला वापरातल्या किटचा फोटो कृपया आज रात्रीपर्यंत पाठवा.'

उत्तर आलं की कोण काय घालणार ते एका ओळीत पुन्हा लिहून दोन्हीकडून 'हो' घ्या, आणि तोच निरोप पंचांनाही पाठवा. फ्रान्स-हंगेरीचा घोळ निरोपाचाच होता.

पंचांना पाठवायचं कारण साधं आहे. आपल्याकडचे पंच बहुतेक काळ्यात येतात. १९९४ च्या विश्वचषकात पंचांना रंगीत शर्ट मिळाले, पण जिल्हा पातळीवर प्रत्येकाकडे दुसरा शर्ट असेलच असं नाही. काळ्या किंवा नेव्ही ब्लू संघाने आधी कळवलं तर ते पिवळा शोधून आणतात.

गोलकीपरचं थोडक्यात. त्याचा रंग दोन्ही संघांच्या खेळाडूंपेक्षा आणि पंचांपेक्षा वेगळा हवा. दोन गोलकीपरांचे शर्ट एकसारखे निघाले आणि बदलायला काहीच नसेल, तर नियम सामना खेळवायची मुभा देतो. त्यावरून सामना अडवू नका. गोलकीपरसाठी पिवळा घेणार असाल तर आधी बघा, तालुक्यातले निम्मे संघ पिवळे आहेत का.

आतून घालायच्या कपड्यांवर पंच हल्ली नीट लक्ष देतात. जर्सीखालचा पूर्ण बाह्यांचा शर्ट जर्सीच्या बाहीच्या रंगाचा हवा. आमच्या बाह्या आकाशी आहेत, म्हणून आतला शर्टही आकाशी, मरून नाही. चड्डीखालची टाइट्स चड्डीच्या रंगाची, आणि साऱ्या संघाची एकच. मोज्यावर पट्टी गुंडाळली तर तीही मोज्याच्या त्या भागाच्या रंगाची. पांढऱ्या पट्टीचं एकच बंडल सगळ्या मोज्यांना चालवायची सवय मोडा.

ऐनवेळी रंग जुळलेच तर

सगळं करूनही एखादा संघ सांगितलं त्यापेक्षा वेगळं घालून येतो. तेव्हा बिब हा शेवटचा मार्ग समजा. बिब नंबर झाकतं, ओढलं की फाटतं, आणि त्यात पोरांना सामना सरावासारखा वाटायला लागतो. त्याआधी दुसऱ्या संघाच्या जर्सी मिळतात का बघा. ज्यांचा सामना दुपारी आहे असा संघ मैदानाच्या कडेला बसलेलाच असतो. उसनं मागायची लाज नको. फ्रान्सच्या आधी १९५० मध्ये मेक्सिकोने आणि १९५८ मध्ये अर्जेंटिनाने विश्वचषकात स्थानिक क्लबच्या जर्सी घालून सामने खेळलेत. जर्सी बदलल्या की नंबर बदलतात, म्हणून गुणलेखकाकडे जाऊन नावांसमोर नवे नंबर लिहून घ्या. हे राहिलं तर पिवळं कार्ड भलत्याच्याच नावावर चढतं. उसन्या जर्सी धुऊन, घडी घालून, मोजून परत करा.

जाणून-बुजून बदलायचं ते कधी

फार क्वचित. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा सामना असेल आणि दोन्ही संघांनी मिळून खास जर्सी घालायची ठरवली, तर जरूर घाला, पण दोन्ही वेगळ्या ओळखू येतील अशा. एखादा जुना खेळाडू गेला असेल तर जर्सी बदलू नका, दंडावर काळी फीत बांधा. त्याने आयुष्यभर जो रंग घातला तो त्या दिवशी तर अंगावर असायलाच हवा.

अंतिम सामन्यासाठी आयोजकांना माझी विनंती असते की शक्य असेल तर दोन्ही संघांना आपापल्या मूळ रंगात उतरू द्या. नुसती चड्डी किंवा मोजे बदलून फरक पुरेसा होत असेल तर तेवढ्यावर भागवा, पण आधी तो रंग काढलेला फोटो बघा. फरक दिसतच नसेल तर मग अंतिम सामना असला तरी सवलत नाही.

आणि दोन्ही किट एकत्र भिजवू नका. मरूनचा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटतो आणि पांढऱ्या किटवर चढलेला तो गुलाबीपणा नंतर कशानेच जात नाही. नव्या जर्सी थंड पाण्यात मिठाने वेगळ्या भिजवा, उलट्या करून सावलीत वाळवा, नाहीतर नंबर तडकतात.

दुसरं किट सामना कुठेही असो, बॅगेत तळाशी असतंच. निघताना मोजायचं: जर्सी अठरा, मोज्यांचे जोड अठरा, गोलकीपरचे दोन रंग, जास्तीची एक बिननंबरी जर्सी आणि टेपची दोन बंडलं.